मिलानमध्ये एक जुनी इटालियन रोड सायकल बघितलीय, पण फ्रेमवर कुठल्यातरी अनोळखी दुकानाचं नाव आहे. घ्यावी का?

नुसतं नाव ओळखीचं नाही म्हणून सोडू नका. मी सहा वर्षं मिलानला राहतोय, माझ्या सायकलवर पण असंच एका बंद पडलेल्या दुकानाचं नाव आहे आणि मला ती जीव की प्राण आहे.

साठ-सत्तरच्या दशकात इकडे अशी छोटी दुकानं भरपूर होती, मालक बऱ्याचदा स्वतः रेस खेळलेला, तो गिऱ्हाईकाचं माप घ्यायचा, फ्रेम एखाद्या कारागिराकडून करून आणायचा, त्यावर आपलं नाव टाकायचा आणि काम्पान्योलो या इटालियन कंपनीचे पार्ट बसवून द्यायचा. म्हणजे नाव दुकानाचं, हात भलत्याच कुणाचा, आणि तो हात कधीकधी फार मोठा असतो. तशी मोठी नावं तरी कुठे कारखान्यातली होती, फालिएरो मासी या नावाजलेल्या फ्रेम कारागिराचं वर्कशॉप मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकच्या, खाली होतं, आणि १९७२ ला बेल्जियमचा रेसर एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासात ४९.४३१ किमी मारून विक्रम केला ती सायकल मिलानजवळच्या कांबियागो गावातल्या कोल्नागोने बनवलेली.

बघायचं काय तर आधी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा फ्रेममध्ये जाणारा दांडा. मी घेताना हे बघितलं नाही, घरी आल्यावर सीट दोन बोटं वर घ्यायला गेलो तर जागची हलेना, स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियम पार धरून बसलेलं. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ऑइल सोडून दोन दिवस ठेवली, मग सीटपोस्ट व्हाइसमध्ये पकडून अख्खी फ्रेमच हळूहळू फिरवली, कर्रर्र करत पांढरी पावडर गळायला लागली आणि तो सुटला. खाली २७.२ कोरलेलं, म्हणजे मिलीमीटरमध्ये जाडी. आजोबा खूश, कारण कोलंबस एसएल या हलक्या नळ्यांना हाच साइज लागतो! २६ च्या आसपास असेल तर नळी बहुतेक जाड, साधी.

मग क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, धरून आडवा हलवा. इटालियन बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे क्रँकचा आस फिरतो त्या भागाला, दोन्ही बाजूंना सरळच आटे असतात, त्यामुळे चेनच्या बाजूचा कप चालवून चालवून ढिला होतो, आणि तसाच वापरला असेल तर आटे गेलेले असतात. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, काम्पान्योलोचा नुओव्हो रेकॉर्ड असेल तर त्यावर पेटंटपुढे वर्षाचे दोन आकडे बघा, सायकल कधीची याचा अंदाज येतो.

सीटपोस्ट हललाच नाही तर किंमत पाडून मागा. आणि घेतलीत तर रीपेंट अजिबात करू नका, ते नाव पुसलं की फ्रेम कुठली हे शोधायचा धागाच तुटतो.