ग्रामीण रुग्णालयात ‘दाढ काढून टाका’ एवढंच सांगतात? नेमकं काय विचारायचं ते लिहितो

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच घर आठवलं. आईची खालची दाढ ठणकतेय, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ‘काढून टाका’ एवढंच उत्तर मिळतं, खासगीत रूट कॅनल (दाढेच्या आतली नस साफ करून ती भरणं) आणि कॅप झेपत नाही, मग सरकारी व्यवस्थेत दाढ वाचवायची सोयच नाही का, असं तुम्ही विचारलंय. सोय आहे, पण ती मागावी लागते आणि कुठे मागायची ते माहीत असावं लागतं. मी डॉक्टर नाही. आईच्या दाढेपायी मराठवाड्यातल्या दवाखान्यांत आणि कार्यालयांत बरंच फिरलोय, तेवढ्या अधिकारावर लिहितोय. दाढ वाचणार की नाही हे तपासणाऱ्यानेच सांगायचं.

पहिली विनंती, तिथल्या डेंटिस्टवर राग काढू नका. दाढ काढायला भुलीचं इंजेक्शन आणि चिमटा पुरतो. वाचवायची तर आधी कीड कोरावी लागते. त्यासाठी एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र हवं, ते हवेच्या दाबावर फिरतं, म्हणजे कॉम्प्रेसर चालू हवा. त्यानंतर एक्स-रे, रूट कॅनलच्या फाइल्स (नस साफ करायच्या बारीक सुया), दात भरायचं सिमेंट. यातलं एक जरी बंद पडलं किंवा संपलं, की डॉक्टरच्या हातात फक्त चिमटा उरतो.

आमच्याकडे खुर्ची नवीकोरी होती, डोकं टेकायच्या जागेवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. थुंकायच्या भांड्यात जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवलेला. वरचा दिवा लागत नव्हता म्हणून तिथल्या डेंटिस्ट मॅडम मोबाइलच्या उजेडात आईचं तोंड बघत होत्या. नीट बघून त्यांनी स्पष्ट सांगितलं, “काकू, दाढ वाचण्यासारखी आहे, पण माझा कॉम्प्रेसर बंद आहे.” दुरुस्तीसाठी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती त्यांनी मला दाखवल्या. एकामागे एक लावलेली चांगली जाड फाइल होती.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते ही दुरुस्ती ज्याच्या हातात होती त्या कार्यालयानं. नाव घेत नाही. तिथे आधी सांगितलं, रुग्णालयाकडून प्रस्तावच आलेला नाही. जावक क्रमांक दाखवल्यावर म्हणाले, दुसऱ्या टेबलला विचारा. दुसरं टेबल रजेवर. शेवटी माहितीचा अधिकार वापरला तेव्हा उत्तर आलं की दुरुस्तीच्या कंत्राटाच्या यादीत दाताची उपकरणंच नाहीत, वेगळी मंजुरी लागेल आणि फाइल लेखा शाखेत आहे. म्हणजे इतके दिवस कुणालाच माहीत नव्हतं की हे यंत्र दुरुस्त करायचं कुणी! तोवर आईच्या गालाला सूज आली, ताप आला आणि दाढ गेली. तिला मधुमेह आहे. हिरडीचा जंतुसंसर्ग आणि साखर एकमेकांना वाढवतात, त्यामुळे पुढचे काही महिने दोन्हीशी झगडण्यात गेले. आता ती एकाच बाजूनं चावते. ज्वारीची कडक भाकरी तिचा जीव की प्राण, ती दुधात कुस्करून खावी लागते. याचा संताप अजून गेलेला नाही.

आता तुमच्यासाठी. कॉम्प्रेसरची वाट बघत बसू नका, आईला थेट शासकीय दंत महाविद्यालयात न्या. तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं घाटी या शासकीय रुग्णालयाच्या आवारातलं जवळ पडेल. नागपूर आणि मुंबईलाही शासकीय महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात जे मोफत उपचार सुरू झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. दंत महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथे फी लागते. खासगीच्या मानानं ती बरीच कमी असते, पण ‘सरकारी म्हणजे फुकट’ धरून गेलात तर खिडकीवर अडचण होईल. सकाळी लवकर पोचा. पहिल्या दिवशी बहुतेक वेळ केसपेपर, तपासणी आणि एक्स-रे यातच जातो, आणि रूट कॅनलला पुन्हा पुन्हा यावं लागतं. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात तारखा लांबतात, तेव्हा पहिल्याच भेटीत पुढच्या सगळ्या तारखा लिहून मागा. शिकणारी मुलं काम करतात म्हणून घाबरू नका. त्यांच्यावर शिक्षकांची नजर असते, आणि माझ्या अनुभवात ती मुलं घाई करत नाहीत. जवळपास खासगी दंत महाविद्यालय असेल तर तिथेही चौकशी करा, शिकवायला त्यांना पेशंट हवेच असतात.

मेडिक्लेम असेल तर त्यावर फार विसंबू नका. बहुतेक पॉलिसींमध्ये अपघात सोडून दाताचा खर्च धरलेलाच नसतो.

व्यवस्था सुधारणार कशी, हेही तुम्ही विचारलंय. माझं मत कदाचित पटणार नाही, पण नवीन खुर्च्या घेऊन आणि उद्घाटनं करून काही होणार नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. दंत विभागांना उपकरणं, मनुष्यबळ आणि साहित्य पुरवणं हाच त्याचा गाभा आहे. खुर्च्या आल्या, डॉक्टर आले, अडतं ते दुरुस्ती आणि साहित्यापाशी. ओपीडीत किती पेशंट आले यावर काम मोजू नये. किती दात काढले आणि किती वाचवले, हे दोन आकडे रुग्णालयाच्या दारात शेजारी शेजारी लावावेत. तेवढ्यानं सगळं उघड होईल.

हे आकडे तुम्ही मागू शकता. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात एवढंच विचारा: वर्षभरात किती दात काढले, किती भरले, किती रूट कॅनल केले, कॉम्प्रेसर कधीपासून बंद आहे, साहित्य शेवटचं कधी आलं. ‘का’ विचारू नका, ‘का’ला उत्तर टाळता येतं. दुसरं, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्याकडे थोडा निधी असतो. किरकोळ दुरुस्तीला तो वापरता येतो. समितीवर कोण आहे ते शोधून अर्ज द्या. आमच्या गावचा कॉम्प्रेसर शेवटी याच वाटेनं सुरू झाला, आईला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

जाता जाता, घरात लहान मुलं असतील तर शाळेत येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाला त्यांचे दात मुद्दाम दाखवा, दाताची कीड त्यांच्या तपासणीत येते. आणि आई मिश्री लावत असेल, तर ती तंबाखूच, म्हणून तोंड किती उघडतं तेही बघून घ्या. स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. जात नसतील किंवा तोंडात पांढरा चट्टा दिसला, तर दाढेइतकीच तीही तपासणी करून घ्या.

सध्या नुसता ठणका आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सगळं सांगितलं. गाल सुजला, ताप आला किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या, आणि मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणून दिवस ढकलू नका.