आधी झुरळ बघ, मग नकाशा

सातारा,
श्रावण

प्रिय बाळ,

तुझं पत्र पोचलं. फळमाशीच्या मेंदूचा २०२४ साली पुरा झालेला नकाशा पाहून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणतेस. सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी, एकेकीची जोडणी टिपलेली! मलाही भरून आलं. पण तू पुढे विचारतेस, जोडण्या कळल्या म्हणजे वागणं कळलंच ना? अर्धंच कळलं गं.

बीएस्सीला तू झुरळाची चेतारज्जू सोडवली होतीस. पोटाच्या बाजूने गेलेली पांढरी दुहेरी दोरी, तिच्यावर चेतापेशींच्या गाठी, छातीत तीन, पोटात सहा. जर्नलवर मी 'उत्तम' लिहिलं, पण ती दोरी काय काम करते हे विचारलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून आज सांगतो. मोरीत चप्पल उगारलीस की चपलेपुढची हवा सरकते. झुरळाच्या मागच्या टोकाला शिंगांसारखे दोन अवयव असतात, त्यांच्यावरचे बारीक केस त्या हवेने झुकतात. कुठल्या बाजूला झुकले त्यानुसार वेगळ्या पेशी जाग्या होतात. बातमी पोटातल्या शेवटच्या गाठीत जाते आणि तिथून जाड तंतू ती थेट छातीत, पायांच्या गाठींकडे नेतात. डोक्यातल्या मेंदूच्या हुकमासाठी कोणी थांबत नाही. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत झुरळ वाऱ्याकडे पाठ करून सुटतं!

इथे नकाशा वाचला की वागणं दिसतं. खेकड्याजवळ मात्र तो अपुरा पडतो. समुद्री खेकड्याच्या आणि शेवंडीच्या जठरात दात असतात. जठराच्या हालचाली चालवते सुमारे ३० पेशींची एक गाठ. नसांसकट काढून खारट पाण्यात ठेवली तरी ती ताल धरून राहते. अमेरिकेतल्या चेताशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांनी आयुष्य या गाठीवर घालवलं. त्याच पेशी, त्याच जोडण्या. वरून रसायन बदललं की ताल बदलतो, एखादी पेशी तर एका तालातून उठून दुसऱ्यात जाऊन बसते. नकाशात हे रसायन दिसत नाही.

म्हणून लॅबमध्ये गेल्या गेल्या संगणकाला चिकटू नकोस. आठवडाभर नुसता प्राणी बघ, उपाशी असताना, पोट भरल्यावर, रात्री. दिसेल ते वेळेसकट लिही.

गणपतीला येशील तेव्हा ओढ्यावर जाऊ. सावली पडल्यावर बिळात शिरलेला खेकडा किती वेळाने बाहेर येतो, ते मोजायचंय. बॅटरी माझ्याकडे आहे, वही तू आण.

तुझा,
सर