सोमवार दर आठवड्याला येतो

पोरी,

तू घ्यायचं म्हणतेस त्या ब्रॅम्बल्टनमधल्या टाउनहाउसचे फोटो पाहिले. स्वयंपाकघर देखणं आहे, त्यात वाद नाही. साडेसात लाख डॉलर, आणि रिअल्टर, म्हणजे घरांचा दलाल, म्हणतोय सोमवारपर्यंत ऑफर टाका. त्याला सांग, सोमवार दर आठवड्याला येतो.

मी १९९९ मध्ये अ‍ॅशबर्नला आलो तेव्हा माझ्या खिडकीतून मक्याचं शेत दिसायचं. २००० च्या जनगणनेत आपल्या लाउडन काउंटीत, म्हणजे वॉशिंग्टनजवळच्या व्हर्जिनियातल्या या जिल्ह्यात, १,६९,५९९ माणसं होती, २०२० मध्ये ४,२०,९५९. वीस वर्षांत अडीच पट. मीही तेव्हा सगळे घेताहेत म्हणून घर घेतलं. हप्ते सुरू होऊन आठ महिने झाले होते, इंटरनेटचा फुगा फुटला आणि माझी नोकरी गेली. घर वाचलं ते बायकोच्या पगारावर. त्यामुळे माझा सल्ला थोडा भित्र्याचा वाटेल. वाटू दे.

तू म्हणालीस, ‘काका, देशातली सर्वांत श्रीमंत काउंटी आहे, इथे भाव पडतील कसे?’ श्रीमंत आहे हे खरंच. पण तो पैसा येतो कुठून ते बघ. ज्या बिनखिडक्यांच्या राखाडी इमारतींना तू गोदामं समजली होतीस, ती डेटा सेंटर्स, इंटरनेटच्या संगणकांची कोठारं. घराच्या दर १०० डॉलर किमतीवर काउंटीने २०२५ मध्ये साडेऐंशी सेंट कर घेतला. त्या इमारतींमधल्या संगणकांच्या तेवढ्याच किमतीवर घेतले ४ डॉलर १५ सेंट. या पैशावर शाळा चालतात आणि घरांवरच्या कराचा दर उतरत आला आहे. मात्र अशा अवाढव्य इमारतीत कायमची नोकरी करणारी माणसं मोजकीच. त्यांच्या पार्किंगमध्ये कधी गर्दी पाहिलीस का?

म्हणजे काउंटीची विहीर वेगळी आणि तुझी वेगळी. तुझा पगार येतो सरकारी कंत्राटातून. २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नोकरकपात झाली, मग १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद राहिलं, तेव्हा काउंटीच्या विहिरीला भरपूर पाणी होतं. आमच्या गल्लीतली दोन घरं मात्र चिंतेत होती. त्यात तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर. नोकरी गेली तर नवा अर्ज करायला जास्तीत जास्त साठ दिवस. साठ दिवसांत घर नीट विकून होत नाही.

आता हिशोब. दीड लाख भरलेस आणि सहा लाखांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांसाठी घेतलंस, तर हप्ता साधारण ३,७९० डॉलर. त्यावर घराचा कर महिन्याला पाचशे, मग एचओए, म्हणजे तिथल्या सोसायटीची वर्गणी, आणि विमा. साडेचार हजार झाले, अजून दिवासुद्धा लावला नाहीस. तुझ्या मैत्रिणीने २०२१ मध्ये पावणेतीन टक्क्यांनी घेतलं. एवढ्याच कर्जावर तिचा हप्ता २,४५० च्या आत असता. म्हणून तिच्याशी तुलना करू नकोस. आणि म्हणूनच तिच्यासारखे लोक घर विकायलाही काढत नाहीत, बाजारात माल कमी, भाव चढे. यात तुझी काही चूक नाही. उशिरा जन्मलीस, एवढंच.

गाडीचं विसरू नकोस. व्हर्जिनियात गाडीवरही दरवर्षी मालमत्ता कर असतो. टेक्सासहून येणाऱ्यांना पहिलं बिल पाहून ते चुकून आलंय असंच वाटतं. ग्रीनवे या टोलरस्त्याचा टोल एका दिशेला पाच डॉलरच्या वर. मेट्रोची सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅशबर्नपर्यंत आली हे मोठं सुख, पण वॉशिंग्टनच्या डाउनटाउनला पोचायला तासाहून जास्त लागतो आणि ब्रॅम्बल्टनहून स्टेशनपर्यंत गाडी काढावीच लागते.

मला विचारशील तर अजून एक वर्ष भाड्याने राहा, मेट्रोच्या जवळ. भाडं म्हणजे पाण्यात पैसे, असं तुझे बाबा पुण्याहून म्हणणार, ठाऊक आहे मला. त्यांच्या वेळचं पुणं वेगळं होतं. हप्ता आणि भाडं यांच्यातला फरक दर महिन्याला बाजूला टाक. वर्षभर तो टाकता आला तर घर झेपेल. नाही आला, तर तेही कळलंच की.

तरी मन त्याच घरात अडकलं असेल तर शनिवारी मी येतो बरोबर. स्वयंपाकघराकडे मी बघणारसुद्धा नाही. तळघरात साचलेलं पाणी उपसणारा सम्प पंप चालतो का, घर गरम-गार ठेवणारा हीट पंप किती वर्षांचा, रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या घातक वायूची तपासणी झाली आहे का, हे बघू. या भागातल्या जमिनीत रेडॉन असतोच. एचओएची कागदपत्रं मागून घे आणि राखीव निधी किती आहे ते वाच. पुढच्या पाच वर्षांत छपरं बदलायची असतील तर कळेल. घर कोणत्या शाळेच्या हद्दीत येतं यावर मात्र जास्त पैसे लावू नकोस. नवी शाळा उघडली की हद्दी पुन्हा आखल्या जातात, आमच्या धाकट्याच्या वेळी तेच झालं.

आणि काउंटीच्या नकाशावर त्या घरामागची मोकळी जमीन कशासाठी राखली आहे ते पाहून ठेव. मार्च २०२५ पासून नव्या डेटा सेंटरला काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाची मंजुरी लागते, पण आधी मंजूर झालेली अजून उभी राहायची आहेत. त्यांच्यासाठी विजेचे उंच मनोरेही येणार.

ओपन हाउस, म्हणजे सगळ्यांना घर दाखवायची वेळ, दुपारी एकला आहे ना? आपण रात्री दहाला पुन्हा जाऊ. गाडी बंद करून, काचा खाली करून दहा मिनिटं बसू आणि डेटा सेंटरच्या पंख्यांची घरघर ऐकू येते का बघू. स्वेटर आण.

तुझा,
काका