लागण म्हणजे काय ते उसाला विचारा

प्रश्न विचारणारी मुलगी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकं सगळी इंग्रजीत, पण वॉर्डात नातेवाइकांशी बोलायचं मराठीत. ती म्हणते की कंटॅमिनेशन (वस्तूवर किंवा हातावर जंतू येणं), कॉलनायझेशन (अंगात जंतू नुसते राहणं, त्रास न देता) आणि इन्फेक्शन (जंतू शिरून आजार होणं) या तिन्हींना मी 'संक्रमण' म्हणते, बातम्यांत तेच ऐकलंय, ते बरोबर आहे का? शिवाय निर्जंतुकीकरण नेमकं कशाला म्हणायचं आणि डोसला मात्रा म्हणायचं की प्रमाण, हेही तिला हवंय.

नाही, बरोबर नाही. तिन्हीपैकी एकालाही संक्रमण म्हणायचं नाही.

२०२० पासून हे 'संक्रमित रुग्ण', 'संक्रमण वाढलं' कानावर आदळतंय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. हिंदीत इन्फेक्शनला संक्रमण म्हणतात, तो त्यांचा रूढ शब्द आहे, त्यांनी खुशाल वापरावा. पण मराठीत संक्रमण म्हणजे एका जागेवरून, एका अवस्थेतून दुसरीत जाणं. सूर्य मकर राशीत जातो ती संक्रांत. समाज बदलत असतो तो संक्रमणकाळ. मुंबईत इमारत मोडकळीला आली की लोकांना म्हाडाच्या संक्रमण शिबिरात हलवतात, तिथे काय सगळ्यांना इन्फेक्शन झालेलं असतं? ज्या भाषेत हा शब्द घरोघरी दुसऱ्या अर्थाने वापरात आहे तिथे त्याच्यावर नवा अर्थ लादायचा कशाला?

यावर काही संस्कृतवाली मंडळी लगेच सुश्रुत काढतात. त्यांचं म्हणणं असं की सुश्रुतसंहिता या जुन्या वैद्यकग्रंथाच्या निदानस्थान या भागात 'औपसर्गिकरोगाश्च संक्रामन्ति नरान्नरम्' असं स्पष्ट आहे, म्हणजे आपला शब्द फार जुना आणि शुद्ध. अहो, ती ओळ पुन्हा वाचा ना. 'नरान्नरम्', एका माणसातून दुसऱ्या माणसात. तिथे रोग चालतोय, प्रवास करतोय. अंगाला अंग लागल्याने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने, दुसऱ्याचे कपडे घातल्याने, अशी वाटांची यादीच सुश्रुताने आधी दिलीय. याला तुमच्या पुस्तकात ट्रान्समिशन म्हणतात, इन्फेक्शन नव्हे! तेव्हा ट्रान्समिशनला संक्रमण म्हणा, माझी काही हरकत नाही, उलट छानच बसतो. पण ज्या ओळीने तुमचा दावा खोटा पडतो तीच ओळ पुरावा म्हणून नाचवू नका.

आता संसर्ग. हा बरा शब्द आहे, पण याच्यातही लोक गल्लत करतात. सम् आणि सृज्, म्हणजे एकमेकांत मिसळणं, संपर्क येणं. आपण 'संसर्गजन्य रोग' म्हणतो त्यातच उत्तर आहे की, संसर्गातून जन्मलेला रोग. संसर्ग हे कारण आणि रोग हे कार्य. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या व्याकरणात अपभ्रंश या जुन्या भाषेतल्या 'विट्टाल' शब्दाचा, म्हणजे आपल्या विटाळाचा अर्थ दिलाय तो 'अस्पृश्यसंसर्ग' असा. शिवता येत नाही त्याचा स्पर्श. आजार नाही, ताप नाही, नुसता स्पर्श. आणि खाली उदाहरण कसलं दिलंय बघा: जे शंख समुद्र सोडून स्वतःला काठावर टाकून देतात त्यांच्या नशिबी फक्त विटाळ, लोक त्यांना फुंकत फिरवतात. शंख या तोंडातून त्या तोंडात! एकाच ग्लासने चार पेशंटना पाणी पाजू नये हे शिकवायला याहून चांगलं चित्र मला तरी माहीत नाही. (कंटॅमिनेशनला विटाळ म्हणा असं मात्र कृपा करून कोणी सुचवू नका. त्या शब्दाने जातीवरून आणि पाळीवरून माणसांना जे भोगायला लावलंय ते पाहता वॉर्डात त्याला जागा नाही. 'दूषित झालं' म्हणा. नाहीतर सिस्टर म्हणतात तसं 'अनस्टराईल झालं' म्हणा, ते सगळ्यांना कळतं.)

आणि आता माझा लाडका शब्द, लागण.

मी उसाच्या पट्ट्यातला. आमच्याकडे 'लागण' म्हटलं की आधी ऊसच डोळ्यासमोर येतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू त्याच्याही नंतर. आता बघा, बेण्याची, म्हणजे लावायच्या उसाच्या तुकड्यांची, मोळी बांधावर पडलेली असते, तिचा जमिनीशी संबंध आलाच की, पण तिला कोणी लागण म्हणत नाही. सरी पाडलेली पाहिजे, ओल पाहिजे, टिपऱ्याचा, म्हणजे त्या तुकड्याचा, डोळा (कोंब फुटायची जागा) शाबूत पाहिजे, हंगाम पाहिजे, तेव्हा ती लागण. एवढं करूनही काही डोळे उगवत नाहीत, मग नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भराव्या लागतात. आता तुमच्या पुस्तकातली इन्फेक्शनची साखळी काढा, ती सहा कड्यांची. जंतू, त्याचा ठिकाणा, बाहेर पडायची वाट, पसरायची तऱ्हा, आत शिरायची वाट आणि ज्याला होऊ शकतो तो माणूस. बेणं, सरी, ओल, जमीन. एक कडी तोडली की लागण नाही. सलाईनची सुई, लघवीची नळी, ऑपरेशनची जखम या सगळ्या आपण पाडलेल्या सऱ्या आहेत, म्हणून तर तिथे एवढी काळजी घ्यायची.

लागणे हा धातू 'लग्'पासून, प्राकृतात 'लग्ग'. चिकटणं, जोडलं जाणं. लग्न त्यातलंच. आता एका पक्षाचं म्हणणं असं की रोगाची 'लागण' ही भूत लागणं, दृष्ट लागणं या कल्पनेतून आली, जुन्या लोकांना रोग म्हणजे बाहेरची बाधा वाटायची म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. भूत लागतं, पण 'भुताची लागण झाली' असं तुम्ही कधी ऐकलंय? दृष्ट लागते, पण 'दृष्टीची लागण' कोणी म्हणतं? नाही म्हणत. नाम तयार झालंय ते शेतात, उगवण, लागण, राखण, तिथली ही घडण आहे, आणि माझं ठाम मत आहे की रोगाकडे हा शब्द बांधावरूनच आला. खोलीत बसून शब्दांची कुळी लावणाऱ्यांनी एकदा सरीत उतरून बघावं.

आणि याच्यापुढचं तर फारच सुंदर आहे. ऊस तुटून गेला की बुडखा जमिनीत राहतो, त्याला पाणी दिलं की पुन्हा फुटतो, तो खोडवा. नवीन बेणं लावायला लागत नाही, जुन्याच मुळावर येतो. त्याच्यापुढचा निडवा. आता टीबी घ्या. औषध साधारण सहा महिन्यांचं असतं, दोन महिन्यांत पेशंटला बरं वाटतं, खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि तो गोळ्या सोडतो. वरचा ऊस तुटला पण बुडखा तसाच. पुन्हा उसळतो तो खोडवा, म्हणजे जुन्याच जंतूंनी परत आलेला आजार. आणि पूर्ण बरा झालेल्या माणसाला दुसऱ्याकडून पुन्हा टीबी झाला तर ती नवीन लागण, रिइन्फेक्शन. हा फरक शिकवायला मास्तर अर्धा तास घेतात, आमच्या गावातल्या कुठल्याही पेशंटला तुम्ही 'गोळ्या सोडल्यात तर खोडवा फुटेल' म्हणा, दुसरं वाक्य लागणार नाही.

आता या फरकाचा माझ्या घरातला अनुभव सांगतो, म्हणजे मी एवढा का चिडतो ते कळेल. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, लघवीची नळी होती. लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात जंतू वाढलेले. कोणीतरी घाईत आम्हाला सांगितलं, 'संक्रमण झालंय'. सगळं घर हबकलं, मामा तर भारीतलं अँटिबायोटिक द्या म्हणून मागे लागला. आईला ना ताप, ना थंडी, ना पोटात दुखत होतं. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले, त्यांनी समजावलं की नळी काही दिवस राहिली की जंतू तिथे राहायला येतातच, त्रास नसेल तर बहुतेक वेळा औषध द्यायचं नसतं. उगाच दिलं तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध चालत नाही. म्हणजे ते कॉलनायझेशन होतं. एका चुकीच्या शब्दाने आई एका नको असलेल्या औषधाच्या कोर्सपर्यंत जवळजवळ पोचली होती.

म्हणून कॉलनायझेशनला मी साधं 'वस्ती' म्हणतो. जंतूंची वस्ती आहे, लागण नाही. साधारण दर दहापैकी तीन धडधाकट माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो, ती वस्ती. तोच जंतू ऑपरेशनच्या जखमेत शिरून पू झाला की लागण. मधे तुमचा न धुतलेला हात असला तर ते संक्रमण, आणि हा शब्द इथे, फक्त इथे.

निर्जंतुकीकरणाचं पटकन सांगतो. निर्जंतुक म्हणजे एकही जंतू नाही, जंतूंचे चिवट बीजाणूसुद्धा (स्पोअर) नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला दाबाखालच्या वाफेत निदान १५ मिनिटं, ते निर्जंतुकीकरण. फरशी हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचच्या पाण्याने, पुसली ते जंतुनाशन. आणि 'हात निर्जंतुक करा' अशी पाटी दिसली की मला ती काढून टाकावीशी वाटते, जिवंत माणसाचा हात कधीच निर्जंतुक होत नाही, म्हणून तर वर निर्जंतुक ग्लोव्हज घालायचे. हात स्वच्छ करा म्हणा. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने, म्हणजे हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावाने, २० ते ३०.

राहिला डोस. डोस मराठीच झालाय, वापरा. पण मात्रा हा अस्सल मापाचा शब्द आहे, 'मा' म्हणजे मोजणे. बाळगुटी उगाळताना म्हाताऱ्या बायका हळकुंडाचे दोन वळसे, वेखंडाचा एक वळसा असं मोजून द्यायच्या, सहाणेवरचा वळसा हेच माप, आणि बाळ जेवढं लहान तेवढे वळसे कमी. वजनाप्रमाणे डोस म्हणतात तो हाच विचार. 'प्रमाण' मात्र नको, ते मिश्रणाला ठेवा, कशात किती मिसळलं त्याला. जास्त झाली ती अतिमात्रा. आणि औषध 'लागू पडतं', रोग 'लागतो', दोन्हीकडे लागणे आहे हे लक्षात आलं का तुमच्या?

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये पण सांगतोच, कारण ती मराठीतच घडू शकते. घरी नेण्याच्या पाकिटावर आकडे मराठीत लिहिलेत तर सगळे मराठीत लिहा, मिसळू नका. घाईत काढलेला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. '१ गोळी' हे इंग्रजी आकड्यांची सवय असलेल्या नातवाने वाचलं तर? अक्षरात 'एक' लिहा. अर्ध्या गोळीला 'अर्धी' लिहा, .५ नको, टिंब पुसलं की पाच होतात. आणि १.० कधीच लिहू नका, त्याचे दहा होतात. चमचा म्हणालात तर किती मिलिचा ते सांगा, चहाचा चमचा ५ मिलिचा धरतात पण घरातले चमचे काही त्या मापाचे नसतात, औषधाबरोबरचं झाकणाचं माप द्या त्यांच्या हातात आणि कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते पेनाने खूण करून दाखवा.