ऑक्टोबर हीट, सणवार आणि बारावीचा बसलेला अभ्यास

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). आम्ही सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. जून ते ऑगस्ट तो न सांगता अभ्यास करत होता. गणपती उठले आणि सगळं बिघडलं. पुस्तक घेऊन बसतो, अर्ध्या तासात उठतो. कॉलेज ८ ते १२, क्लास ५ ते ७. दुपारभर वरच्या खोलीत लोळतो, रात्री बारापर्यंत जागतो, सकाळी हाक मारून मारून थकते. सहामाहीला फिजिक्समध्ये ७० पैकी ३१ पडले. या ऋतूत ऊन कमी होतं म्हणून मूड जातो, असं त्याने नेटवर वाचलंय. यांचं म्हणणं, दिवाळीत क्रॅश कोर्सला घालू. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी उन्हाचं बघू. मुलाने वाचलं ते खोटं नाही, पण ते आपल्याकडचं नाही. डिसेंबरच्या मध्याला लंडनमध्ये दिवस आठ तासही भरत नाही, सोलापुरात तो तेव्हाही साधारण अकरा तासांचा असतो. आपल्या शरदातली अडचण नेमकी उलटी. पाऊस माघारी जातो, आभाळ मोकळं होतं, ऊन थेट लागतं आणि जमिनीत अजून ओल असते. त्यामुळे पारा ३४-३५ च्या आसपास आणि वर दमटपणा. घाम येतो, पण सुकत नाही. त्यात वरची खोली. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री दहा-अकरापर्यंत खाली सोडत राहतो. झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं. ते होत नाही, म्हणून तो बारापर्यंत जागा. मोबाइल हातात येतो तो त्यानंतर. सकाळी उठवत नाही, दुपारी ग्लानी येते, आणि घरात त्याला आळशी म्हटलं जातं. तो शब्द आजपासून बंद करा, ही माझी पहिली विनंती.

शिवाय ही वेळच अवघड आहे. जूनमधली नवलाई संपलेली, पोर्शन निम्मा झालेला, सहामाहीचे मार्क समोर, आणि बोर्ड मात्र अजून लांब वाटतंय. जूनमध्ये आखलेलं वेळापत्रक पावसाळी हवेसाठी होतं, ते ऑक्टोबरमध्ये चालणारच नाही. ते बदलायचं, आणि तासही कमी करायचे.

आज रात्रीपासून अंथरूण खाली हलवा. हॉलमध्ये, दोन खिडक्यांच्या मध्ये झोपला तरी चालेल. झोपायची वेळ ठरवून उपयोग नाही, उठायची ठरवा : साडेपाच, रविवारीसुद्धा. पहिले तीन-चार दिवस तो पेंगेल, चिडेल. पाच-सहा दिवसांत रात्री पावणेदहा-दहाला आपोआप डोळे मिटायला लागतील, फक्त दुपारची झोप आवरायची. जेवणानंतर २५ मिनिटं, गजर लावून. तासभर झोपला की उठताना डोकं जड होतं आणि रात्रीची झोप पुन्हा पुढे जाते. चहा चारनंतर नको. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि तुमचेही फोन तिथेच.

पहाटे पावणेसहा ते सव्वासात हा दिवसातला सर्वांत थंड आणि शांत वेळ. तो फक्त न्यूमेरिकल, डेरिव्हेशन आणि गणितासाठी. वाचन नाही, नोट्स लिहिणं नाही. दुपारी अडीच ते चार खालच्या खोलीत, किंवा गावात अभ्यासिका असेल तर तिथे. या वेळेला नवीन धडा लावायचाच नाही. रोटेशनल डायनॅमिक्स दुपारी तीनला समजून घ्यायला बसला की अर्ध्या तासात उठणारच, कोणीही उठेल. दुपारचं काम हलकं हवं, आणि ते बोर्डाच्या पेपरातच सापडतं. फिजिक्सच्या ७० मार्कांत विभाग अ १८ मार्कांचा : दहा बहुपर्यायी आणि आठ एका वाक्याचे, प्रत्येकी एक मार्क, आणि त्यातला एकही प्रश्न सोडून द्यायची मुभा नाही. हे प्रश्न सोळाही धड्यांतून येऊ शकतात, म्हणून आवडीचे धडे पक्के करून इथे भागत नाही. रोज दुपारी एका धड्याच्या व्याख्या, एककं, सूत्रं आणि स्वाध्यायातले बहुपर्यायी प्रश्न. सोळा दुपारींत एक फेरी पूर्ण. प्रॅक्टिकलचं जर्नल पुरं करायचं कामही दुपारचंच. जेवताना भात आणि पोळ्या थोड्या कमी, ताक जास्त. माठातलं पाणी बाटलीत भरून टेबलावर ठेवा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. रात्री आठ ते साडेनऊ : क्लासमध्ये त्या दिवशी झालेलं.

एकूण साडेचार तास झाले. ‘एवढंच?’ असं मुलाच्या वडिलांना वाटेल. पण सध्या तो नुसता पुस्तक घेऊन बसतो आणि हाती काही लागत नाही. तासांऐवजी कामं मोजा. ‘दीड तास फिजिक्स’ असं लिहू नका, ‘ऑसिलेशन्सची ८ न्यूमेरिकल’ असं लिहा. आठ झाली की उठायची मुभा, मग सात वाजलेले नसले तरी. काम कुठे संपतं हे दिसत असेल तर मुलं बसतात.

आता ते ३१ मार्क. गेलेल्या ३९ मार्कांचा हिशोब त्याने स्वतः करायचा, तुम्ही शेजारी बसायचं नाही. उत्तरपत्रिका घ्यायची आणि प्रत्येक गेलेल्या मार्काला चारपैकी एक अक्षर द्यायचं : धडा वाचलाच नव्हता तर ‘न’, वाचून विसरला तर ‘वि’, आकडेमोड, एकक किंवा आकृती चुकली तर ‘चू’, वेळ पुरला नाही तर ‘वे’. समजा ‘न’ १४, ‘वि’ ९, ‘चू’ १०, ‘वे’ ६ निघाले. मग ‘चू’ आणि ‘वे’चे १६ मार्क नवीन काही न शिकता परत मिळवता येण्यासारखे आहेत. त्यावर उपाय सरळ : न्यूमेरिकल सोडवताना आधी सूत्र, मग एसआय एककांत किमती, मग उत्तर एककासह, आणि दर रविवारी सकाळी घड्याळ लावून एक पेपर. ‘वि’साठी तोच धडा तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी पुस्तक मिटून लिहून बघायचा. ‘न’ सगळ्यात शेवटी.

म्हणूनच क्रॅश कोर्स नको. दहा-बारा दिवसांत अख्खा पोर्शन पळवतात, त्यात मूल ऐकत बसतं, सोडवत नाही. ‘चू’ आणि ‘वे’ ऐकून सुधारत नाहीत. ते पैसे राहू द्या.

सणांचं आधीच ठरवा, त्या दिवशी घासाघीस नको. नवरात्रातल्या दोन रात्री त्याने निवडाव्यात, कोजागरीला जागू द्या, दुसऱ्या दिवशी पहाटेचं काम रात्रीवर ढकला. दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज पूर्ण सुट्टी, मनात खंत न ठेवता. बाकी दिवशी पहाटेचा दीड तास तेवढा ठेवायचा, पाहुणे उठायच्या आत तो होतो. अभ्यंगस्नानाला नाहीतरी लवकर उठवताच. फराळ भरपूर खाऊ दे, फक्त अभ्यासाला बसायच्या आधी नको, तळणाने सुस्ती येते. मामाकडे जाताना पुस्तकांची पिशवी देऊ नका. एक वही, एक धडा, बस्स. निघण्याआधी एक न्यूमेरिकल अर्धवट सोडून पुढची पायरी काय हे समासात लिहून ठेवू दे. परत आल्यावर सुरुवात तिथूनच. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी सर्वांत अवघड धडा काढला की गाडी पुन्हा अडते. आधी दोन दिवस नीट येत असलेल्या धड्याची गणितं, मग नवीन.

दिवाळीत सगळा बॅकलॉग भरून काढीन, असं तो म्हणाला तर ते मान्य करू नका. २०२५ मध्ये बोर्डाची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, प्रॅक्टिकल त्याआधी. दिवाळी ऑक्टोबरात आली तर भाऊबीजेपासून प्रॅक्टिकलपर्यंत बारा-तेरा आठवडे, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर जेमतेम दहा. राहिलेले धडे या आठवड्यांत वाटा, आठवड्याला एक. एमएचटी-सीईटीला (इंजिनीअरिंग प्रवेशाची राज्याची परीक्षा) अकरावीचा २० टक्के भाग असतो, तो आत्ता उघडायची गरज नाही. जेईई या देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेच्या जानेवारी सत्राला बसायचं असेल तर फॉर्मची तारीख तेवढी सांभाळा.

वडिलांची काळजी कामाला लावायची असेल तर एक काम आहे. राखीव प्रवर्गातून इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचा असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत झाला का ते आत्ताच बघू दे. त्याला महिने लागतात आणि जूनमध्ये त्यासाठी मुलाची धावाधाव होते.

आणि एक. झोप, जेवण, मित्र यांतलं सगळंच दोन आठवड्यांहून जास्त सुटलं असेल, किंवा ‘माझ्याने काहीच होणार नाही, मी नसतो तर बरं’ अशी भाषा ऐकू आली, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तसं काही नसेल तर आधी अंथरूण आणि उठायची वेळ, एवढंच बदला. बाकीचं पाचव्या-सहाव्या दिवसापासून. रविवारी त्याने चार अक्षरांचा हिशोब केला की ते चार आकडे मला कळवा, त्यावरून डिसेंबरपर्यंतचे धडे कसे वाटायचे ते लिहीन.