प्रत्येक कामगिरीनंतर मेमरी पुसली तर मारेकरी नेम धरायचंही विसरणार नाही का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या सायफाय थ्रिलरमधल्या मारेकऱ्याच्या अंगात मशीन बसवलेलं आहे आणि प्रत्येक कामगिरीनंतर त्याची मेमरी पुसतात, पण तुमचा मित्र म्हणतो की मेमरी गेली तर तो बंदूक धरायचंही विसरेल, म्हणजे प्लॉट तिथेच बसला. मित्राचं चुकतंय. उलट तुमच्या कथेत सगळ्यात पक्की गोष्ट कुठली असेल तर हीच आहे, कच्च्या जागा दुसरीकडे आहेत, त्यांच्याकडे येतो पुढे.

माझी आजी शेवटची दोनेक वर्षं मला ओळखत नव्हती, स्वतःच्या मुलांनाही नाही, पण शिवणाच्या मशीनसमोर बसवली की दोरा ओवायची, पाय आपोआप पायडलवर जायचे आणि शिलाई सरळ यायची. आजी शिवायला कधी शिकलीस असं विचारलं की म्हणायची मला कुठे येतं शिवायला. आणि हे सांगताना हात चालूच. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

मुद्दा असा की मेमरी म्हणजे एकच कपाट नाही. काय घडलं, कुठे गेलो, कोण भेटलं ही आठवण वेगळी आणि सायकल चालवणं, पियानो वाजवणं, नेम धरणं ही हाताची आठवण वेगळी, मेंदूत दोन्हींच्या जागाही वेगळ्या. पहिलीसाठी हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूतला एक छोटा भाग आणि त्याच्या आजूबाजूचा भाग लागतो, दुसरी मुख्यतः मेंदूच्या आतल्या गाभ्यात आणि मागच्या छोट्या मेंदूत बसते. हे कळलं ते हेन्री मोलेसन नावाच्या माणसामुळे. त्याला फिट्स यायच्या म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, ऑपरेशन करून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला आणि त्यानंतर २००८ मध्ये जाईपर्यंत त्याच्या डोक्यात नवी घटना टिकलीच नाही म्हणा. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला फक्त आरशात बघून चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायला लावली, करून बघा, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो. तीन दिवसांत तो त्यात तरबेज झाला, आणि दर वेळी त्याला वाटायचं की हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय.

याचा तुमच्या कथेसाठी अर्थ नीट बघा. कौशल्य नुसतं टिकत नाही तर आठवण न राहता नवीन कौशल्य शिकवताही येतं. म्हणजे तुमच्या मारेकऱ्याला रोज ट्रेनिंग देता येईल आणि त्याला आपण कधी ट्रेनिंग घेतलंय हे कळणारच नाही, तो स्वतःला साधा माणूस समजेल आणि गर्दीत कोणी मागून खांद्यावर हात ठेवला की त्याचाच हात असं काही करेल की तो स्वतःच घाबरेल.

पण मला खरी भुरळ पडली ती त्याहून जुन्या गोष्टीची. एदुआर क्लापारेद नावाच्या स्विस डॉक्टरची एक पेशंट होती, तिला डॉक्टर रोज नव्याने ओळख करून द्यायचे कारण कालचं काही तिच्या लक्षात राहायचं नाही. एक दिवस त्यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला, तिला टोचलं, थोड्या वेळात ती ते विसरली. पुढे पुन्हा हात पुढे केला तर तिने झटकन हात मागे घेतला, आणि का घेतला हे तिला सांगता येईना. १९११ मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय. घटना गेली पण भीती राहिली, कारण भीतीची नोंद ॲमिग्डाला नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्याच भागात होते आणि तिला हिप्पोकॅम्पसची गरज लागतेच असं नाही. तुमचा थ्रिलर इथे आहे असं मला मनापासून वाटतं. मारेकऱ्याला फ्लॅशबॅक देऊ नका, विजेसारखी चमकणारी चित्रं नकोत, ते फार झालंय. त्याला एखाद्या सज्जन दिसणाऱ्या माणसाशी हात मिळवता येत नाही एवढंच दाखवा, एखाद्या जिन्यावर त्याला घाम फुटतो, का ते त्याला माहीत नाही आणि वाचकालाही अजून माहीत नाही. पुसणाऱ्यांनी गोष्ट पुसली पण टोचणी राहिली.

आता पुसायचं कसं, कारण वाचक हे विचारणारच. बटण दाबलं आणि गेलं असं करू नका. २००० साली करीम नादेर हे मेंदूचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की जुनी आठवण जागी केली की ती थोडा वेळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की होण्यासाठी मेंदूला नवीन प्रोटीन बनवावं लागतं, त्या वेळात प्रोटीन बनणं थांबवलं तर भीतीची आठवण परत तशी बसत नाही. म्हणजे जे पुसायचं ते आधी आठवायला लावावं लागेल! हा सीन लिहायला किती जबरदस्त आहे बघा, कामगिरीवरून परत आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून शांत आवाजात विचारतायत की काय काय केलंस, सगळं सांग, आणि तो सांगतोय, आणि जे सांगितलं तेच जाणार आहे. जे त्याने मुद्दाम सांगितलं नाही ते उरेल. एवढ्या एका फटीवर अख्खी कादंबरी उभी राहील. खोटी आठवण घालायची असेल तर त्यालाही आधार आहे, २०१३ मध्ये सुसुमु तोनेगावा या शास्त्रज्ञांच्या लॅबमध्ये प्रकाशाने मेंदूतल्या ठरावीक पेशी चेतवून उंदराला अशा जागेची भीती घालून दिली जिथे त्याला कधी शॉक बसलाच नव्हता. माणसात हे अजून कोणी केलेलं नाही, तेवढी उडी सायफायला मारू द्या.

आणि हे कोणी करेल का असा प्रश्न पडला तर इतिहास वाचा, अंगावर येतो. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने १९५३ मध्ये एमके-अल्ट्रा नावाचे माणसाच्या मनावर ताबा मिळवायचे गुप्त प्रयोग सुरू केले, त्यातूनच पैसा मिळालेले डोनाल्ड यूएन कॅमेरॉन हे डॉक्टर कॅनडात मॉन्ट्रियलच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये पेशंटना आठवडेच्या आठवडे झोपवून, पुन्हा पुन्हा विजेचे झटके देऊन, एकच वाक्य टेपवर हजारो वेळा ऐकवून मन कोरं करायला बघत होते. माणसं आयुष्यभरासाठी उद्ध्वस्त झाली, स्वतःची मुलं ओळखू न येण्यापर्यंत गेली. एमके-अल्ट्राच्या बऱ्याचशा फाइल्स सीआयएने १९७३ मध्ये नष्ट केल्या. कोरं मन तयार झालं नाही, फक्त मोडलेलं मन तयार झालं. तुमच्या खलनायकाला हे माहीत असू द्या आणि तरीही त्याला पुढे जाऊ द्या.

मशीनचं थोडक्यात सांगतो कारण इथे बहुतेक लेखक एकच चूक करतात, लोखंडी हात लावतात आणि तो गाडी उचलतो. हात लोखंडी असला तरी खांदा आणि पाठ हाडामांसाचीच आहे ना, तिथूनच उखडेल. आणि वेगाचं म्हणाल तर दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, त्यातला नसांमधून जाण्याचा वेळ थोडाच असतो, बाकीचा बहुतेक डोळ्यात आणि मेंदूत जातो. म्हणजे नसांच्या जागी तारा घालून फारसा फायदा नाही. खरा वेग हवा असेल तर चिपनेच बघायचं, चिपनेच ठरवायचं आणि हात हलवायचा, आणि माणसाला ते नंतर कळणार. मग खून कोणी केला? त्याने की चिपने? आठवण तर आधीच पुसलेली, म्हणजे त्याला स्वतःलाही उत्तर सापडणार नाही. हा प्रश्न मला तुमच्या कथेतल्या सगळ्या मारामारीपेक्षा मोठा वाटतो, तो शेवटच्या पानापर्यंत सोडू नका.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे फार कोणी लक्ष देत नाही. मेंदूत घातलेल्या इलेक्ट्रोडभोवती हळूहळू व्रणासारखी पेशींची भिंत चढते आणि सिग्नल कमजोर होत जातो, बॅटऱ्याही संपतात. दुरुस्ती लागतेच. डोळ्यात बसवायचा कृत्रिम रेटिना बनवणाऱ्या एका कंपनीने २०१९ मध्ये ते काम थांबवलं आणि जगभरातले ३५० हून जास्त लोक डोळ्यात जुनं मशीन घेऊन बसले, बिघडलं तर विचारायचं कोणाला. तुमचा मारेकरी संस्थेतून पळून जातो असं तुम्ही लिहिलंय, पण पळाल्यावर त्याचं मशीन कोण बघणार? त्याच्याकडे महिना दोन महिने आहेत समजा, मग उजवा हात आधी मंद होईल, मग एका डोळ्यात काळे ठिपके, आणि दुरुस्ती करू शकणारी एकच व्यक्ती म्हणजे ती शांत आवाजात प्रश्न विचारणारी बाई. तिच्या दारात तो जातो. तिचा चेहरा त्याला आठवत नाही. ती हात पुढे करते आणि त्याचा हात मागे जातो.