डिस्चार्ज कार्डावरचं 'अक्यूट' आणि 'क्रॉनिक'

ताई, वडिलांच्या कार्डावर 'अक्यूट ऑन क्रॉनिक किडनी डिसीज' लिहिलंय, सोनोग्राफीत 'सीएमडी मेंटेन्ड' आहे आणि पॅरासिटामॉलपुढं 'एसओएस'. म्हणजे दोन्ही किडन्या गेल्या का, असं तुम्ही विचारलंय. तसं कार्डावर कुठंच म्हटलेलं नाही. मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर हेच शब्द रोज समजावून सांगावे लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अक्यूट म्हणजे लई गंभीर, असं आपल्याकडं सगळे धरून चालतात. डॉक्टर तो शब्द वापरतात तो त्रास अचानक, थोड्या तासांत किंवा दिवसांत सुरू झाला म्हणून. साधी सर्दीसुद्धा अक्यूटच. क्रॉनिक म्हणजे जुनाट. किडनीतला बिघाड ३ महिन्यांच्या वर टिकला की हा शब्द लागतो. स्टेज वेगळी लिहितात. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा आकडा, ३० ते ५९ असेल तर तिसरी, १५ च्या खाली गेला तर पाचवी.

आता दोन्ही एकदम कसं? तुम्हीच लिहिलंय की वडिलांना बरीच वर्षं शुगर आहे, आणि बागेतल्या उन्हात असतानाच जुलाब-उलट्या लागल्या. शुगरनं किडनी आधीच थकलेली असणार. त्यात अंगातलं पाणी गेलं, किडनीला रक्त कमी पोचलं, क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) चढलं. हे नवीन चढलेलं बऱ्याचदा उतरतं, जुनं राहतं. म्हणून आजारपणाच्या आधीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट कपाटात असेल तर शोधून फेरतपासणीला न्या. मुळात किती होतं ते कळलं, की कितीपर्यंत उतरायला हवं याचा डॉक्टरांना अंदाज येतो.

सीएमडी मेंटेन्ड ही चांगली गोष्ट आहे. किडनीचा बाहेरचा आणि आतला थर सोनोग्राफीत अजून वेगवेगळा दिसतोय, एवढाच त्याचा अर्थ.

एसओएस वाचून धसका घेऊ नका. मूळ लॅटिन 'सी ओपुस सित', म्हणजे गरज पडली तरच. तसंच बीडी दोनदा, टीडीएस तीनदा (पगारातून कापतात तो वेगळा!), एचएस झोपताना. मात्र पॅरासिटामॉल संपली म्हणून घरातली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी देऊ नका. त्या जातीच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून काही आणायचं झालं, तरी हे कार्ड आधी दाखवा.